लोडशेडिंगमधले कांदेपोहे

लग्न होऊन भिवंडीत नारपोलीच्या घरात आले तेव्हा पहिले कितीतरी दिवस मी सारखी तोंड पुसत होते. कारण घरातले सगळे माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायचे. सासूबाई, सासरे, धाकटी नणंद, कुणीही अपवाद नाही. मला वाटायचं, ओठाला भाताचं शीत चिकटलंय, नाहीतर दाताला कोथिंबीर लागलीय. मी पदराने तोंड पुसायचे, आरशात बघून यायचे, आणि पुन्हा तेच. शेवटी नवऱ्याला विचारलं, तर तो हसत सुटला. म्हणाला, "अगं, काय लागलेलं न्हाय. तू काय बोलतेस ते बघतात ती."

आमच्या घराखाली लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना होता. आजेसासऱ्यांनी खाडीकाठची शेती आवरून थोडे माग टाकले, सासऱ्यांनी ते वाढवले आणि कारखान्याच्या डोक्यावर घर बांधलं. दिवसपाळी, रातपाळी, माग चालूच. वर आमच्या ताटातली आमटीसुद्धा थरथरायची. अशा घरात कानांवर विसंबून राहणं लोकांनी केव्हाच सोडून दिलं होतं. समोरच्याचे ओठ वाचायचे, हातांची जोड द्यायची आणि तरीही नाही कळलं तर पोटातून ओरडायचं, ही तिथली रीत. माझं माहेर खारबावजवळच्या गावातलं. आमच्याकडे एक जण खोकला तर शेजारीण काढा घेऊन यायची. मी तिथून आलेली, त्यामुळे मला वाटलं, ही माणसं दिवसरात्र भांडतात.

भांडत नव्हती. गप्पा मारत होती. हळूहळू मला त्या घराची गंमत कळायला लागली. कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही, म्हणून सासूबाई कणीक मळता मळता शिट्टीवर डोळा ठेवायच्या आणि वाफ उडाली की बोटावर मोजायच्या. दाराची बेल म्हणजे स्वयंपाकघरातला एक तांबडा बल्ब. खालून कुणी बटण दाबलं की तो पेटायचा. जेवायला बोलवायचं तर दिव्याचं बटण चालू-बंद करायचं. मोबाइल वाजला, म्हणजे खिशात थरथरला, की माणूस गच्चीवर धावायचा आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन उकिडवा बसून बोलायचा. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर सुताचा भुसा बसायचा तो वेगळाच. आमच्याकडच्या पापडाला भाजताना एक निराळाच वास यायचा, आणि पाहुणे तो मसाल्याचा समजायचे.

भांडायचं झालं तर मात्र समोरासमोर उभं राहावं लागायचं. पाठ फिरवली की ऐकणं बंद. नवरा रुसला की सरळ भिंतीकडे तोंड करून बसायचा. मग मी भिंत आणि तो यांच्यामध्ये जाऊन उभी राहायचे, माझं म्हणणं पूर्ण करायचे आणि मगच बाजूला व्हायचे. गुपित ही गोष्ट त्या घरात नव्हतीच. एकदा मी खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला बसलेल्या नवऱ्याला नुसत्या ओठांनी म्हटलं, "आईंनी आज मीठ जास्त घातलंय." सासूबाई भाकरी थापत होत्या. भाकरी उलटून त्या म्हणाल्या, "मग उद्या तू घाल बेतानं."

मला ते शिकायला बराच काळ लागला, पण एकदा आलं म्हटल्यावर मला त्याचं व्यसनच लागलं. लग्नाच्या मांडवात पलीकडच्या रांगेतल्या बायका कुणाच्या दागिन्यांबद्दल काय बोलतात ते मी इकडे बसून जिलबी खात वाचायचे. माणसांच्या गैरहजेरीत त्यांच्याबद्दल जे बोललं जातं ते इतकं काही वाईट नसतं, हेही मला तिथेच कळलं. बहुतेक वेळा लोक जेवणाबद्दलच बोलत असतात.

घरात आवाजाच्या बाबतीत सगळ्यांवर कडी करायची ती माझी नणंद. लहानपणापासून कारखान्यात वाढलेली. वरच्या खिडकीतून "चाचा, तीन नंबर बंद पडलाय, देखो जरा" असं तिने म्हटलं की चालू मागांच्या आवाजातूनही खालच्या कारीगराला ते कळायचं. बीकॉम झाली होती, एका बालवाडीत शिकवायची, आणि तिच्या वर्गातली मुलं इतर वर्गांतल्या मुलांपेक्षा लवकर कविता पाठ करायची, कारण शेजारच्या वर्गालाही त्या ऐकू जायच्या. मनाची इतकी साधी की तिच्याशी कुणाचं वैर होणं अशक्य. पण तिला बघायला आलेल्या दोन स्थळांनी नकार कळवला होता. दोघांचाही निरोप सारखाच, मुलगी चांगली आहे पण भांडकुदळ वाटते. तिने त्यांना फक्त "चहा घ्या" म्हटलं होतं.

सगळ्यांसमोर ती या गोष्टीवर हसायची, पाहुण्यांची नक्कल करून दाखवायची. पण एका दुपारी गच्चीवर पापडांवरचा भुसा फुंकता फुंकता ती मला म्हणाली, "वहिनी, आवाज कमी करायचं औषध मिळतं का गं?" त्या दोन्ही घरांचा मला असा राग आला की मी हातातला पापड मोडला.

मी तेव्हा राहनाळला एका गोदामात कॉम्प्युटरवर मालाची चलनं बनवायचं काम करत होते. एकदा डबा घरी विसरले, तो घेऊन नणंद आली. ती फाटकात पोहोचली तेव्हा एक ट्रक रिव्हर्समध्ये मागे येत होता, आणि त्याच्या मागे सावलीला झाडूवाली बाई बसली होती. ड्रायव्हरला ती दिसत नव्हती. नणंदेने फाटकातूनच आरोळी ठोकली, "ए, थांब! मागं बाई हाय!" तो ट्रक थांबलाच, शेजारच्या गोदामातले दोन ट्रकही थांबले. झाडूवालीला हाताला धरून उठवलं, पाणी पाजलं, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

शेजारच्या गोदामात डिस्पॅच बघणारा एक मुलगा होता. खारबावच्या पलीकडच्या गावचा, म्हणजे आमच्याच बाजूचा. तो मला येऊन म्हणाला, "ताई, ती कोन होती?"

"माझी नणंद."

"काय आवाज हाय!"

मी भांडायला पदर खोचलाच होता, तोवर तो म्हणाला, "बाई वाचली तिच्यामुळं." आणि एवढा लाजला की मला भांडण गिळावं लागलं.

त्यानंतर मी डबा वरचेवर विसरू लागले. खरं सांगायचं तर मी विसरत नव्हते. भरून ठेवलेला डबा सकाळी जागेवर सापडायचा नाही आणि दुपारी नणंदेच्या हातातून गोदामात यायचा. कुणी काही बोललं नाही, पण आमच्या घरात बोलावं लागतच नाही.

शेवटी एके दिवशी त्या मुलाने मला सरळ विचारलं, घरी येऊ का म्हणून. आणि लगेच अडचणही सांगितली. "मला कोन अडवनार न्हाय, ताई. पन आई हो बोलली पायजे. बाबा गेल्यावर तिनंच वाढवलं आमाला. ती हल्ली फार गप्प झालीय. घरात चार मानसं बोलायला बसली की उठून आत जाते. तिला आवाज सोसत न्हाय. दोन मुली बघितल्या, तर नुसतं 'बघू' बोलली नि गप."

आवाज सोसत नाही. मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा कारखाना खाली धडधडत होता आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. नणंद उठून गच्चीवर गेली. मी मागोमाग गेले. ती टाकीला टेकून उभी होती. "आधीची दोन नको बोलली त्याचं मला काय वाटलं न्हाय," ती म्हणाली. "पन हा नको बोलला न वहिनी, तर मला लय लागंल." मी तिचा हात धरून ठेवला. स्थळ मी आणलेलं, तेव्हा आता मलाही धडधड सुरू झाली.

मग घराने कंबर कसली. पहिला प्रश्न कारखान्याचा. शुक्रवारी माग बंद असतात, पण मुलाला सुट्टी रविवारची. त्या काळात लोडशेडिंग रोजचंच होतं, आणि त्यावरून सासरे रोज सकाळी सरकारचा उद्धार करायचे. त्या आठवड्यात मात्र त्यांनी चष्मा लावून पेपरातलं वेळापत्रक मनापासून वाचलं आणि जाहीर केलं, "रविवारी दुपारी लाईट जातो. तेवा बोलवा." लाईट जायची इतकी आतुरतेने वाट बघणारं घर भिवंडीत तेव्हा दुसरं नसेल.

दुसरा प्रश्न आवाजाचा. नणंदेला हळू बोलायची सवय करायची होती. पण माग चालू असताना हळू बोलायचा सराव कसा करणार? ती हळू बोलतेय की नुसती ओठ हलवतेय हे कुणालाच कळेना. म्हणून शुक्रवारची वाट बघितली. शुक्रवारी सगळे मांडी घालून बसलो आणि ती एकेक वाक्य बोलू लागली. "हलू!" सासरे ओरडायचे. "अजून हलू!" ते इतकं ओरडले की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. मी मोठ्या शहाणपणाने सूचना केल्या. मान खाली ठेव. ट्रेकडे बघ. कमी बोल. नणंद बिचारी सगळं ऐकत होती. ती शहाण्यासारखी मान खाली घालून पुटपुटायला शिकली, आणि आम्ही सगळे खूश झालो.

रविवारी ठरल्यावेळी लाईट गेला. माग एकदम थांबले आणि घरात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मी पहिल्यांदाच ऐकली ती. पंखे बंद, उकाडा असा की सासरे साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याने पाहुण्यांना वारा घालू लागले. मुलगा आला होता, त्याची आई आणि मामा. आई बारीक चणीची, काठापदराची साडी, पाठ ताठ ठेवून बसलेली. सगळे कुजबुजत होते. मामांनी "प्रवास बरा झाला" हेसुद्धा दबक्या आवाजात सांगितलं, बहुधा घरात कुणी आजारी आहे असं त्यांना वाटलं असावं.

नणंद पोहे घेऊन आली. मान खाली. मुलाच्या आईने विचारलं, "बालवाडीत शिकवतेस ना? मुलं त्रास देतात का गं?"

"नाही. छान आहेत," नणंद ट्रेला म्हणाली.

आई थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, "हो, हो."

"पाणी देऊ का?"

"हो, हो."

पाण्याचा तांब्या समोर आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की हा कशाला आणला. मग हात मांडीवर घेऊन गप्प बसल्या. मामांनी छताकडे बघितलं. मुलाने माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पार उतरला होता. हीच ती 'बघू'ची वेळ, हे त्याला ठाऊक होतं. सासूबाईंना मात्र यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातून मला ओठांनी कौतुकाने सांगितलं, "किती हलू बोलते बघ!"

मी मुलाच्या आईच्या समोरच बसले होते. त्या नणंदेकडे बघत होत्या, पण चेहऱ्याकडे नाही, साडीकडे नाही, हातातल्या बांगड्यांकडेही नाही. त्या किंचित वाकून तिचं तोंड शोधत होत्या, आणि तिची मान खाली असल्यामुळे त्यांना ते सापडत नव्हतं. ती नजर मी ओळखली. त्याच नजरेमुळे मी लग्नानंतर पदराने तोंड पुसत हिंडले होते.

या बाईंना ऐकू येत नव्हतं. चार माणसं एकदम बोलली की कुणाचे ओठ बघायचे हे कळत नसेल, म्हणून उठून आत जात असतील. आधीच्या दोन मुलीही अशाच मान खाली घालून बोलल्या असतील. मुलाला पत्ता नाही, मामांना पत्ता नाही. त्यांनी हे घरच्यांपासून लपवलं होतं आणि मी ते भर बैठकीत उघड करणं शक्यच नव्हतं. मला त्यांच्याबद्दल एकदम फार वाटलं.

नणंदेला सांगायला हवं होतं, पण ती वर बघायला तयार नव्हती. मान खाली ठेव म्हणून मीच तर बजावलं होतं. दिव्याचं बटण चालू-बंद करावं तर लाईट नव्हता. शेवटी मी माझा चमचा फरशीवर टाकला. ठण्ण आवाज झाला, नणंदेने वर बघितलं, आणि मी नुसत्या ओठांनी म्हटलं, "त्यांना ऐकू येत नाही. तोंड वर कर."

ते तिला कळलं. कोपऱ्यात सासूबाईंनाही कळलं, त्यांचा डाव पोह्यांच्या पातेल्यात तसाच राहिला. सासऱ्यांचा पुठ्ठा हवेत थांबला. आवाज न होता आमच्या सगळ्या घराला बातमी पोहोचली, आणि मुलगा आणि मामा तेवढे शेंगदाणे वेचत बसले होते.

नणंदेने ट्रे खाली ठेवला. खिडकीजवळचं स्टूल ओढलं, मुलाच्या आईच्या अगदी समोर उजेडात बसली, मान वर केली आणि आमच्या घरात बोलतात तशी बोलली. पूर्ण आवाजात, सावकाश, दोन्ही हात हलवत.

"मुलं लय मस्तीखोर हायत! एक पोरगा हाय, रोज एकच चप्पल घालून येतो. दुसरी कुठं म्हणून विचारलं, तर बोलतो, ती घरी आराम करते!"

मामा दचकले. मुलाच्या आई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. आधी त्यांच्या भुवया वर गेल्या, मग ओठ हलले, आणि मग त्या हसल्या, पदर तोंडाला न लावता, मोठ्याने. "आराम करते!" त्या पुन्हा म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. मग त्यांनी विचारलं, मुलं किती आहेत, डबा काय आणतात, रडतात का. नणंद एकेकाची नक्कल करून सांगत गेली. त्या पाणी प्यायल्या, त्यांनी पोहे मागून घेतले, आपल्या वालाच्या शेताचं सांगितलं. सासऱ्यांनीही कुजबुज सोडून दिली आणि "मामा, अजून घ्या पोहे!" इतक्या जोरात म्हटलं की मामांच्या हातातली बशीच हलली. मुलगा आईकडे बघत होता. तिला हसताना बघून किती दिवस झाले असतील, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला इतका आनंद झाला की खाली पडलेला चमचा मी तसाच तोंडात घातला.

त्या दिवशी लाईट वेळेआधीच आला. सरकारने एकदाच आमच्यावर अशी कृपा केली, आणि तीही नको तेव्हा. खाली एकेक माग सुरू झाला, बशा थरथरल्या, मामांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मुलगा माझ्याकडे बघून काहीतरी ओरडत होता. एवढ्या गोंधळात फक्त त्याच्या आई निवांत बसल्या होत्या. आता खोलीत कुणालाच ऐकू येत नव्हतं, आणि त्यांना मात्र समोर बसलेल्या मुलीचं सगळं कळत होतं. त्यांनी पोहे सावकाश संपवले.

निघताना आम्ही सगळे जिन्यापर्यंत गेलो. मामा घाईघाईने खाली उतरले. मुलाच्या आई कारखान्याच्या दाराशी पोहोचल्या, तिथे आवाज सगळ्यात जास्त. तिथे थांबून त्या मागे वळल्या आणि वर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नणंदेकडे बघून काहीतरी बोलल्या. मुलगा कान पुढे करून म्हणत होता, "काय? काय बोललीस, आई?" त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या.

मी वाचलं. त्या म्हणाल्या होत्या, "येशील ना गं पोरी आमच्याकडं?"

जिच्या आवाजाने तीन ट्रक थांबले होते, त्या माझ्या नणंदेने आवाजच काढला नाही. नुसते ओठ हलवले, "येईन." खाली त्यांनी मान डोलावली, पदर सावरला आणि गल्लीत वळल्या.

दुसऱ्या दिवशी राहनाळला मी कॉम्प्युटर चालू करते न करते तोच तो मुलगा दारात. "ताई, आई हो बोलली. तुमच्या घरी जिन्याखाली तिनं काय विचारलं होतं? मी सारखं विचारतोय, सैपाक करत असते, पाठीमागून किती हाका मारल्या, सांगतच न्हाय."

"त्यांनाच विचार," मी म्हटलं. "पण पाठीमागून नको. समोर बस, मान वर कर, आणि मग विचार."